ग्रेडर मारून आठ दिवसांत रस्ता परत थडथडतो: लाटा कुणाच्या, ते आधी ओळखा

"मामा, परवाच ग्रेडर मारलासा न्हवं? गाडी परत थडथडाय लागली की!"

मुरमाच्या रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या लांब ब्लेडने रस्ता खरवडून सपाट करणारं मशीन, चालवणाऱ्या माणसाने हे ऐकलेलं नाही असं होत नाही. करवीरची पाणंद असो, आजऱ्याची वाडी असो नाहीतर चंदगडकडचा डोंगरातला रस्ता असो, तक्रार तीच. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा झालेला असतो, मोटरसायकलवाला कडेच्या गवतातून गाडी काढत असतो आणि दुधाचे कॅन टेम्पोत वाजत असतात. सरपंच म्हणतात ऑपरेटर कच्चा. ऑपरेटर म्हणतो मुरूम भंगार. ठेकेदार म्हणतो ऊसवाल्यांनी वाट लावली. तिघंही कधी ना कधी बरोबर असतात. पण या खेपेला कोण बरोबर आहे, हे बघायला कोणी गाडीतून खाली उतरत नाही.

मशीनला हात लावण्याआधी, मुरमाचा डंपर मागवण्याआधी, रस्त्यावरून दोन-तीनशे मीटर चालत जा. लाटा सगळ्या सारख्या दिसतात, पण सारख्या नसतात. काही गाड्यांनी पाडलेल्या असतात, काही खुद्द ग्रेडरने. दोन्हींचा उपाय वेगळा. चुकीचा उपाय केला तर डिझेलही जातं आणि लाटाही राहतात.

लाटांकडे कसं बघायचं

सकाळी लवकर किंवा ऊन कललं की बघा, उन्हाच्या दिशेला तोंड करून. भर दुपारी लाट दिसत नाही; तिरप्या उन्हात बोटभर उंचीचा फुगवटाही सावली टाकतो.

पहिलं, लाट कशी पडली आहे ते पाहा. रस्त्याला अगदी आडवी, काटकोनात असेल तर ती गाड्यांची. तिरकी असेल, आणि त्या तिरकेपणाचा कोन ब्लेड धरलं होतं त्याच कोनाशी जुळत असेल, तर ती ग्रेडरचीच. वडापवाल्याला, म्हणजे प्रवासी जीपवाल्याला, शिव्या देऊन उपयोग नाही. दुसरं, अंतर मोजा. गाड्यांच्या लाटा साधारण दीड ते तीन फुटांवर येतात, चाकोरीत ठळक असतात आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये पुसट होत जातात. ग्रेडर उसळल्याने झालेल्या लाटा लांब असतात, दोन-तीन पावलांच्या किंवा त्याहून जास्त, आणि ब्लेडच्या पूर्ण रुंदीभर सारख्या. यात तिसरा एक प्रकार आहे, त्याकडे फार कमी जण बघतात: वीतभर अंतरावरच्या बारीक, तिरक्या, करवतीच्या दात्यांसारख्या रेघा. तिथे मशीन उसळत नाही, ब्लेड थरथरतं. त्याचं मूळ बहुतेक वेळा ढिल्या जोडांत सापडतं.

तिसरी खूण वेळेची. काम संपवून मागे वळून पाहिलं आणि लाटा तेव्हाच दिसत होत्या, तर त्या मशीनच्या. काम संपलं तेव्हा रस्ता गुळगुळीत होता आणि आठ-पंधरा दिवसांनी लाटा उठल्या, तर त्या रहदारीच्या, म्हणजे खरं तर मुरूम, पाणी आणि दाब यांच्या.

उसाच्या डबल ट्रॉल्यांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या हा तिसराच विषय. ती लाट नव्हे, ते खालच्या थराने मान टाकल्याचं लक्षण आहे. वरून ग्रेडर मारून चाकोरी भरता येते, बरी करता येत नाही. इथे ती बाजूला ठेवतो.

लाटा ग्रेडरच्या असतील तर

ग्रेडरला पाटे नसतात. ट्रकला असतात, ट्रॅक्टरच्या सीटखालीही काहीतरी स्प्रिंग असते, पण ग्रेडरच्या चाकांमध्ये आणि चासीमध्ये झटका खाणारं काही नसतं. जी काही उसळी आहे ती टायरमधल्या हवेची. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो, मागची चार चाकं दोन-दोनच्या जोडीने वरखाली होतात, आणि ब्लेड या दोघांच्या मधोमध टांगलेलं. या रचनेचा फायदा असा की पुढचं चाक दगडावर चढलं तरी ब्लेड तेवढं उचललं जात नाही, त्यातला काही हिस्साच उचललं जातं. म्हणून तर ग्रेडर खडबडीत रस्ता सपाट करू शकतो.

पण याच रचनेत दोषही आहे. ब्लेडने एकदा खोलगट कापलं की थोड्याच वेळात मागची चाकं त्याच खोलगटात उतरतात, मशीन मागून झुकतं, ब्लेड परत हलतं, पुढे दुसरा खोलगट तयार होतो. एकदा ही ठेका धरण्याची सवय लागली की मशीन स्वतःच पाडलेल्या लाटेवर उसळत पुढे जातं. पुढे जाऊन ही उसळी आपोआप थांबत नाही. थांबवायची असेल तर मशीन थांबवा, लाट जिथे सुरू झाली त्याच्याही मागे, सपाट तुकड्यावर जा, आणि तिथून नव्याने पास, म्हणजे ब्लेडची एक फेरी, घ्या. लाटेच्या मधूनच ब्लेड टाकून "पुढे नीट होईल" म्हणणाऱ्याचं पुढेही नीट होत नाही.

उसळीचं पहिलं कारण वेग. देखभालीच्या पाससाठी ताशी ५ ते ८ किलोमीटर, त्यापेक्षा जास्त नाही. मीटरकडे बघायची गरज नाही. हेल्परला मशीनपासून सुरक्षित अंतरावर कडेने चालू द्या. तो झपाझप चालत बरोबर राहत असेल तर वेग ठीक. पळायला लागला तर तुम्ही लाटा पेरताय.

हे ऑपरेटरला माहीत नसतं असं मुळीच नाही. मशीन तासावर भाड्याने आणलं असेल तर काम देणारा मागून ओरडतो, "जरा रेटा की, मीटर पळतोय!" आणि किलोमीटरवर ठरलं असेल तर मशीनमालकच ऑपरेटरला रेटायला लावतो. दोन्हीकडून घाई रस्त्यावरच उतरते. माझ्या मते छोट्या कामात तासाचा दर बरा, पण अट अशी की पासची संख्या आणि रोलर आधी ठरवून घ्यायचे आणि मग ऑपरेटरच्या मागे लागायचं नाही.

वेग कमी करूनही उसळी थांबत नसेल तर टायर बघा. सकाळी, मशीन थंड असताना, सहाही चाकांची हवा मोजा. किती असावी ते मशीनच्या पुस्तकात असतं, पंक्चरवाल्याच्या अंदाजात नसतं. हवा कमी असेल तर टायर चेंडूसारखा दबतो आणि उसळतो. एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असेल तर ब्लेड लेव्हलला लावलं तरी एका अंगाला खोल कापतं. मागच्या जोडीत एक टायर नवा आणि एक घासून गुळगुळीत झालेला, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवली जातात, पण घेर वेगळा असल्यामुळे त्यातलं एक सतत घसरत राहतं. टायर बदलायचा खर्च वाचतो आणि तो खर्च डिझेलमध्ये व रस्त्यावर निघतो.

मग ढिलेपणा. वीतभर अंतरावरच्या बारीक रेघांची तक्रार असेल तर इथूनच सुरुवात करा. ब्लेड जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक, चावी खिशात. मगच कोणीतरी ब्लेडजवळ जावं. पहारीने ब्लेडचं टोक पुढेमागे ढकलून पाहा. सर्कल (ब्लेड ज्यावर फिरतं ते मोठं गोल चक्र) आणि त्याला धरून ठेवणाऱ्या शूजमध्ये फट असेल तर हलताना दिसते आणि ऐकूही येते, खट्ट असा आवाज येतो. ब्लेड ज्या पट्ट्यांवर सरकतं त्या झिजलेल्या असतील, ब्लेड उचलणाऱ्या सिलिंडरचे बॉल जॉइंट ढिले असतील, तर तिथेही तसंच. शूजमधली फट शिम (मधल्या पातळ चकत्या) काढून किंवा शू बदलून भरता येते. ते काम मेकॅनिककडे फार वेळाचं नाही. पण अर्ध्या बोटाची हालचाल पहारीला जाणवत असेल तर रस्त्यावर फिनिशिंग काढायचा प्रयत्न करू नका. जगातला सगळ्यात हुशार ऑपरेटर ढिल्या ब्लेडने सरळ रस्ता काढू शकत नाही.

कटिंग एज, म्हणजे ब्लेडच्या खालच्या काठाला बोल्टने लावलेली पट्टी, मधोमध जास्त झिजते, कारण बहुतेक माल तिथूनच वाहतो. ती झिजून कमानीसारखी झाली की ब्लेडचा मधला भाग कमी कापतो. परिणाम असा की अर्ध्या रस्त्याचा मधला भाग फुगतो, रस्त्याचा मधला माथा जवळजवळ सपाट होतो आणि कडेला एकदम घसरण. दोरी लावून बघितल्याशिवाय हे डोळ्याला कळत नाही, पण पावसात लगेच कळतं: पाणी माथ्यावर साचून राहतं. कटिंग एज पूर्ण झिजून बोल्ट आणि ब्लेडचा पत्रा घासायला लागेपर्यंत वाट बघायची नसते. एज स्वस्त, ब्लेड महाग.

ब्लेडचा कोन, झुकाव आणि हात

ब्लेड रस्त्याला अगदी आडवं धरलं की माल समोर साचतो, भार वाढतो, ब्लेड तो भार एकदम सोडतं आणि थरथरतं. शिवाय पुढच्या टोकावरून माल उलटा सांडतो. ब्लेड ३० ते ४५ अंश तिरकं असलं की मुरूम ब्लेडच्या अंगावरून गुंडाळत मागच्या टोकाकडे जातो आणि तिथे सरळ वरंबा पडतो. माल गुंडाळला जायला हवा, ढकलला जायला नको. कोन बरोबर असेल तर हे केबिनमधून दिसतं.

जुन्या लाटा कापताना तिरक्या ब्लेडचा आणखी एक फायदा आहे. ब्लेड तिरकं असेल तर ते एका वेळी पूर्ण लाटेवर चढत नाही. एक टोक माथ्यावर असताना दुसरं खळग्यात असतं, त्यामुळे सरासरी भार सारखा राहतो. पण चाकं मात्र लाटांवर सरळच चढतात. म्हणून मशीन मधोमध वळवता येत असेल, म्हणजे चासी सांध्यावर मोडता येत असेल, तर मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग न चालवता थोडी बाजूने चालवा. पुढचं चाक ज्या खळग्यात उतरलं त्याच खळग्यात मागचं उतरलं नाही, तर मशीनला ठेका धरता येत नाही.

ब्लेडचा वरचा काठ मागे झुकवला की ते जोरात कापतं. पुढे झुकवला की हलकं खरवडतं आणि पसरतं. लाटा कापताना मागे, शेवटच्या फिनिशिंगच्या पासला पुढे. बरेच ऑपरेटर एकच सेटिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवतात आणि मग फिनिशिंगच्या वेळी मशीन रस्ता कुरतडतंय अशी तक्रार करतात. पुढची चाकं माल ज्या बाजूला जातोय त्या बाजूला थोडी कलवा, १० ते १५ अंश. त्याने मशीन भाराने बाजूला ओढलं जात नाही आणि स्टेअरिंगशी झटापट करावी लागत नाही.

हातांबद्दल एकच सांगतो, कारण बाकी सगळं सरावाने येतं. नवा ऑपरेटर लाट दिसली की लिव्हर दाबतो. लाट दिसेपर्यंत ब्लेड पुढे गेलेलं असतं, म्हणून त्याने केलेली दुरुस्ती चुकीच्या जागी पडते आणि दुसरी लाट तयार होते. मग तो तिचीही दुरुस्ती करतो. जुने ऑपरेटर लिव्हरला कमी हात लावतात आणि लावलाच तर टिचकी मारल्यासारखा. नजर ब्लेडच्या पुढच्या टोकावर, पुढच्या चाकाच्या मागे जिथे ते मुरमात शिरतं तिथे ठेवायची. पाठीमागचा वरंबा आरशात अधूनमधून बघितला तरी पुरतो. काही मशीनमध्ये ब्लेडच्या हायड्रॉलिकला झटका शोषणारे अ‍ॅक्युम्युलेटर असतात. दगडांच्या रस्त्यावर ते बरे, पण फिनिशिंगच्या वेळी बंद ठेवावेत, नाहीतर ब्लेड हलकंसं तरंगत राहतं.

सरळ पासला डिफरेन्शिअल लॉक (दोन्ही बाजूंची मागची चाकं एकाच वेगाने फिरवणारा) चालू, वळताना बंद. हे विसरलं तर चाकं घासत वळतात आणि नुकतीच काढलेली लेव्हल उकरली जाते.

लाटा रहदारीच्या असतील तर

आता खरं दुखणं. ग्रेडर उत्तम, ऑपरेटर उत्तम, आणि तरीही पंधरवड्यात लाटा.

या लाटा का पडतात यावर २००७ साली टोरोंटो आणि केंब्रिजशी जोडलेल्या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. गोल फिरणाऱ्या वाळूच्या वाटेवर त्यांनी एक साधं चाक फिरवलं. चाकाला स्प्रिंग असो वा नसो, एका ठरावीक वेगाच्या वर लाटा पडल्याच. वेग त्याखाली ठेवला तर पडल्या नाहीत. खऱ्या रस्त्यावर ही मर्यादा ताशी आठेक किलोमीटरच्या घरात येते, म्हणजे बैलगाडीच्या वेगाच्या थोडी वर. वडापवाल्याला ताशी आठ किलोमीटरने चालव म्हणून सांगायला कोण जाणार? तेव्हा गाड्या चालणार असतील तर सुट्या मुरमावर लाटा उठणार, हे धरूनच चालायचं. आपल्या हातात एवढंच आहे की मुरूम सुटा राहू द्यायचा नाही.

आणि इथेच सर्वांत मोठी गफलत होते. लाटांवरून ब्लेड हलकं फिरवलं की माथ्यांचा थोडा मुरूम निघून खळग्यात पडतो. रस्ता सपाट दिसतो, सरपंच खूश होतात, मशीन परत जातं. पण खाली माथे जुने, घट्ट दबलेले. खळगे नव्या, सुट्या मुरमाने भरलेले. पहिल्या आठवड्यातच गाड्या खळग्यातला मुरूम बाहेर उडवतात आणि लाटा त्याच जागी, त्याच अंतरावर परत येतात. जुन्या जागीच परत येणाऱ्या लाटा हा वरवर फिरवलेल्या ब्लेडचा पुरावा आहे.

म्हणून लाटेच्या खळग्याच्या तळापेक्षाही साधारण २५ मिलिमीटर खोल कापायला लागतं. रस्ता कडक असेल तर आधी स्कॅरिफायरच्या दातांनी उकरा, मग ब्लेडने कापा. सगळा माल एका बाजूला वरंब्यात जमा करा, उलटापालटा करून मिसळा, मग परत पसरा. हे तीन-चार पासचं काम आहे. एका पासात होत नाही.

पण खोल कापण्याआधी मुरमाचा थर किती आहे ते बघा. पन्नासेक मीटरवर एकेक छोटा खड्डा पहारीने काढला की कळतं. थर पाच-सहा सेंटिमीटर उरलेला असेल आणि खाली सोलिंगचे दगड असतील तर ब्लेड दगडात अडकेल, दगड ओढत नेईल आणि रस्त्यावर लांब चरे पडतील. खाली काळी माती असेल, जशी शिरोळ-हातकणंगलेकडे असते, तर ती वर येऊन मुरमात मिसळेल आणि पहिल्या पावसात रस्त्याचा चिखल होईल. अशा ठिकाणी आधी नवा मुरूम टाका, मग ग्रेडर आणा. ग्रेडर मुरूम तयार करत नाही, असलेला हलवतो.

कुठला मुरूम

मुरमात खडा लागतो, वाळूएवढा भरड भाग लागतो, आणि हे सगळं धरून ठेवणारी चिकट माती लागते. माती जास्त झाली की पावसात घसरगुंडी, कमी झाली की उन्हाळ्यात धूळ आणि लाटा. अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटात, जिथे असे रस्ते भरपूर आहेत, वरच्या थरासाठी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा बारीक माल ४ ते १५ टक्के असावा असा मापदंड वापरतात, आणि तो बारीक माल चिकट असावा, ही अटही असते. ही दुसरी अट आपल्याकडे विसरली जाते. हार्ड मुरूम महाग पडला की ठेकेदार क्रशरवरून खडी आणि डस्ट आणतो. डस्ट बारीक असते, दिसायला छान बसते, पण तिला चिकटपणा नसतो. ती दगडाचं पीठ आहे. वाळली की पहिल्याच आठवड्यात लाटा.

ओळखायचं कसं? मुरमातला बारीक भाग चाळून घ्या, पाण्याने भिजवा आणि तळहातावर वळी लाटून बघा. तीनेक मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळी येत असेल तर चिकटपणा आहे. डस्टची वळी होतच नाही, हातातच मोडते. लॅबमध्येही तत्त्व हेच असतं.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेला, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडे जांभा आहे, आणि चांगला जांभ्याचा मुरूम भिजवून दाबला की घट्ट बसतो. तो उपलब्ध असताना लांबून डस्ट आणणं मला तरी कळत नाही. नदीकाठच्या गावांत पुरानंतर रस्त्यावर गाळ साचतो. २०१९ आणि २०२१ ला ते सगळ्यांनी बघितलं. काही ठिकाणी तो गाळच मुरमात मिसळून रस्ता केला जातो. थोडा गाळ चिकटपणा देतो हे खरं, पण प्रमाण हाताबाहेर गेलं की पुढच्या पावसात ट्रॅक्टर रुततो. गाळ आधी खरवडून बाजूला काढा, लागेल तेवढाच परत घ्या.

पाणी, दोन्ही अर्थांनी

कोरड्या मुरमावर ग्रेडर चालवणं म्हणजे धूळ एका कडेहून दुसऱ्या कडेला नेणं. खडा वेगळा होतो, माती वाऱ्याने उडते, आणि जी माती धरून ठेवणार तीच गेली की लाट लवकर येते. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हायला हवा आणि हाताला पाणी लागता कामा नये. एवढी ओल असली की कापा, मिसळा आणि लगेच रोलर फिरवा. ओल नसेल तर टँकर. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो म्हणून तो टाळला जातो, आणि मग पंधरा दिवसांनी ग्रेडर पुन्हा बोलवावा लागतो.

आपल्याकडे ग्रेडरसाठी सगळ्यात चांगले दिवस परतीचा पाऊस संपल्यावर, साखर कारखाने पेटायच्या आधीचे. मुरमात ओल असते, ऊन कडक नसतं आणि उसाच्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर आलेल्या नसतात. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेनंतर दरावरून हंगाम लांबला तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो, पण ग्रेडरवाल्याला थोडे दिवस जास्त मिळतात. एकदा हंगाम सुरू झाला की दिवसभर ट्रॉल्या, आणि ग्रेडर बाजूला घ्यायलाही जागा नसते. मार्चनंतर मुरूम वाळून कोळ झालेला. तेव्हा टँकरशिवाय ब्लेड टाकू नका.

दुसरं पाणी पावसाचं. त्याला रस्त्यावरून बाहेर जायला वाट हवी. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या भारतीय मापदंडात मुरमाच्या रस्त्याला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत असेल तर ३.५ टक्के आणि जास्त असेल तर ४ टक्के कँबर, म्हणजे मधल्या माथ्यापासून दोन्ही कडांकडे उतार, सांगितला आहे. म्हणजे शिरोळला एक हिशेब आणि गगनबावड्याला दुसरा. रस्ता ३.७५ मीटर रुंद असेल तर ४ टक्क्यांनी माथा कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच यायला हवा, ३.५ टक्क्यांनी साडेसहाच्या आसपास. माथ्यावर खिळा, कडेला काठी, मध्ये दोरी, दोरीवर लेव्हल ट्यूब आणि टेप. मुकादमाला दोन मिनिटं लागतात. चार-पाच ठिकाणी मोजा, एका ठिकाणी नाही.

कँबर बरोबर असूनही पाणी अडत असेल तर कडेला बघा. पासमागून पास घेताना मागच्या टोकावरून सांडलेला मुरूम कडेला साचून लांबलचक वरंबा होतो. त्यावर गवत उगवतं, तो घट्ट होतो, आणि पाणी गटारात जायच्या ऐवजी रस्त्याच्या कडेने वाहत जातं. ते वरचा बारीक माल घेऊन जातं. दर वर्षी पहिला पास कडेचा घ्या, तो वरंबा उकरून गवताच्या मुळ्या बाजूला टाका आणि मुरूम आत आणा. त्या वरंब्यात बराच चांगला मुरूम अडकलेला असतो. नवा मागवण्याआधी तो वापरा.

रोलर न आणता ग्रेडर आणणं हे आपल्याकडे फार चालतं. "गाड्याच दाबतील की!" गाड्या दाबतात, पण फक्त चाकोरीत, आणि मधला मुरूम सुटाच राहतो. ८ ते १० टनी रोलर कडेकडून माथ्याकडे फिरवा, कँबर टिकतो. माथ्यापासून सुरू केलं तर मुरूम कडेला सरकतो.

हट्टी जागा

एवढं करूनही काही जागा परत परत लाटाळतात. वळणाच्या अलीकडे ब्रेक लागतो तिथे, मोरीच्या दोन्ही बाजूंना, चढाच्या पायथ्याशी गिअर बदलून ॲक्सिलरेटर दाबला जातो तिथे, आणि स्टँडजवळ जिथे वडाप थांबतं आणि निघतं. तिथे चाक रस्त्याला ढकलतं किंवा ओढतं, नुसतं फिरत नाही. जोर सगळा वरच्या थरावर येतो.

या जागांवर ग्रेडरने फार काही साधत नाही. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या चढांवर तर मुळीच नाही. ब्रेक लागणाऱ्या तुकड्यात मुरूम जास्त चिकट आणि जाड थराचा ठेवा, वळणावर कँबरऐवजी आतल्या बाजूला एकच उतार द्या. चढ अवघड असेल तर तेवढा वीस-तीस मीटरचा तुकडा काँक्रीटचा करून घ्या. ग्रामपंचायतीला एवढी छोटी तरतूद सहसा परवडते. पुढच्या वेळी ग्रेडर आला की त्या काँक्रीटच्या पाच-सहा फूट अलीकडेच ब्लेड उचला. काँक्रीटच्या कडेवर कटिंग एज आदळली तर दोन्हींचे तुकडे उडतात. राहिलेला तेवढा भाग फावड्याने भरून, पाणी मारून, रोलरने दाबून घ्या.